गळ्याचं माप

पट्टा आणि आईची मान यांच्यामध्ये दोन बोटं घालून पाहिली, बोटं सरळ गेली, आणि सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "शाब्बास. बस."

खोलीत कुत्रं नव्हतं. खुर्चीत आई होती, हनुवटी छातीला टेकवून, मान पडल्यापासून बसते तशी, आणि मी तिच्यासमोर गुडघे टेकून. दोन बोटांचं माप कुत्र्यांचं. जागा कमी ठेवली तर गळा आवळतो, जास्त ठेवली तर कुत्रं डोकं मागं ओढून निसटतं. माप बघताना त्याच्याशी बोलत राहावं लागतं, नाहीतर ते वळवळतं, म्हणून शाब्बास, म्हणून बस. इतक्या गळ्यांना इतक्या वेळा म्हटलेले हे शब्द आईच्या भांगावर पडले आणि तिथंच राहिले. उचलून परत घेता येईनात. मग छातीतून, पांघरुणाखालून यावा तसा, तिचा आवाज आला. "आता भुंकू का?" मी हसलो. तीही हसली असावी, भांग हलला. आणि त्या हसण्यानंच तिची हनुवटी पट्ट्याच्या कडेवरून घसरली, आत गेली, आणि चार दिवस खपून केलेलं माझं काम तिच्या मानेभोवती कुंडीसारखं नुसतं उभं राहिलं. डोकं पुन्हा खाली.

मी पट्टेवाला आहे. असं सांगितलं की लोक विचारतात, कुठल्या ऑफिसात. आई हा विनोद मुद्दाम करायची. नव्या माणसाला म्हणायची, आमचा मुलगा पट्टेवाला, आणि समोरच्याचा चेहरा जरा कनवाळू झाला की मग खुलासा: कमरेचे, घड्याळाचे, कुत्र्याचे. "सगळ्यांना बांधून ठेवतो, ह्याला मात्र अजून कुणी बांधलं नाही." मग जो तिच्या तोंडाचा पट्टा सुटायचा तो सुटायचा. शर्टांच्या कारखान्यात तिनं आयुष्यभर कॉलरी शिवल्या, मशिनींच्या आवाजावर आवाज काढून बोलायची सवय, ती घरीही गेली नाही. मान मोडून काम करते, असं तिथं तिच्याबद्दल म्हणायचे. कौतुकानं म्हणायचे. आता ती मोजकं बोलते, आणि बोललेलं तिच्याच छातीत जातं. मला खाली वाकून, कान तिच्या गळ्याशी नेऊन ऐकावं लागतं. तिला दिसतं ते एवढंच: स्वतःची मांडी, मांडीवरचे हात, फरशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. पायांवरून ती माणसं ओळखते, त्यांची मनःस्थितीसुद्धा. "आज चिडून आलास," म्हणते. मी काही बोललेलो नसतो.

माझं काम सपाट असतं. टेबलावर कातडं पसरायचं, पाठीच्या कण्याच्या रेषेला लोखंडी पट्टी लावायची, रापी दाबून एका दमात ओढायची. पाठीचं कातडं सगळ्यात घट्ट, ते सरळच कापायचं असतं. पट्ट्याला गोलाई मी देत नाही, बकल देतं. ज्याला घालायचा त्यानं गोल व्हायचं. त्यामुळे आईसाठी काय करायचं हे ठरवताना मी जे केलं ते असं: गळ्याचं माप घेतलं, त्याच मापाची काचेची बरणी स्वयंपाकघरातून उचलली, रुंद पट्टा कापला, भिजवला, बरणीभोवती बांधून वाळवला. बरणीवर तो इतका सुरेख बसला की मी स्वतःशीच मान डोलावली. बरणीला हनुवटी नसते. बरणीला खांदे असतात, पण ते दमत नाहीत.

आधी हे सांगायला हवं होतं: शुक्रवार. आईच्या मानेमागचे स्नायू एकेक करून काम सोडत गेले. हनुवटी छातीला टेकली की तोंड पुरतं उघडत नाही, घास गालात राहतो, आणि गिळायला गेलं की भलत्या वाटेनं जातो. दोनदा छातीत पू झाला. हॉस्पिटलनं प्लॅस्टिकची कॉलर दिली, तिनं हनुवटीखाली जखम केली. जखम भरली, पुन्हा घातली, पुन्हा झाली, मग आईनं ती काढून खुर्चीखाली टाकली आणि पायानं मागं सरकवली. डॉक्टर माणूस चांगला. खुर्ची पुढं ओढून, वाकून, तिच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन बोलला. "कॉलर टिकली तर आपण थांबू. नाही टिकली तर पुढच्या शुक्रवारी पोटातून नळी. असं फार दिवस ठेवता येणार नाही." घरी आल्यावर आई म्हणाली, "पोटाला भोक पाडून तिथनंच घालणार. मग तोंड कशाला ठेवायचं?" मी म्हणालो, बोलायला. "हे बोलणं आहे?" ती म्हणाली.

कुंडी झाली त्या दुपारी बहिणीचा फोन आला. तिला मी सांगून टाकलं होतं की मी करून बघतोय.

"दादा, तू कुत्र्यांचे पट्टे करतोस."

"माहितेय."

"तसं नाही रे. पण ह्यात शिकलेले लोक असतात."

"त्यांचं तिनं पायानं सरकवलं."

"आणि तुझं?"

"घसरलं."

मागं तिच्या ऑफिसात कुणीतरी हसत होतं. "शुक्रवारची मी सुट्टी टाकलीय," ती म्हणाली. "तोवर तू काही भलतंसलतं करून ठेवू नकोस. गळा आहे तो."

गळा आहे तो. फोन ठेवला आणि मी माझे हात पाहिले. कातड्याच्या माणसाची बोटं जाड होतात, अंगठ्याच्या बाजूला दोऱ्याची खोबण पडते. दिवसभर ही बोटं ओढतात, आवळतात, ओढ देऊन बघतात की तुटतं का. आईच्या मानेवरून ती फिरतात तेव्हा तिथलं कातडं, नाही, कातडी, नाही, त्वचा, तिथली त्वचा इतकी पातळ लागते की खालून गळ्याची गाठ सरकताना कळते. माझा अंगठा त्या गाठीवर असतो. मी तिला भरवतो तेव्हा एका हातानं कपाळ वर उचलून धरतो, दुसऱ्या हातात चमचा. ती डोळे मिटून घेते. चक्कर येते, म्हणते.

मला वाटलं, कातडं मऊ पडलं. दोष कातड्याचा. जाड हवं, जुनं, घट्ट, भार घेईल असं. आणि असं कातडं म्हटल्यावर माझी नजर आपोआप भिंतीकडे गेली, आणि गेली तशी परत आली, जशी लहानपणापासून येते.

आईच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर, घड्याळ आणि खिडकीच्या मध्ये, एक खिळा. खिळ्यावर बाबांचा पट्टा. कमरेचा नव्हे. बाबांच्या कारखान्यात वरच्या दांड्यावरून खालच्या यंत्रापर्यंत रुंद कातडी पट्टे फिरायचे. त्यातला एक तुटला तेव्हा तुकडा त्यांनी घरी आणला. तीन बोटं रुंद, वंगण पिऊन काळा झालेला, टोकाला भोक. त्यांनी आम्हाला रोज मारलं असं नाही. म्हणजे एकदा त्यांनी आईला

नाही. परत. मी टेबलाखाली होतो. बहीण पाळण्यात. टेबलाखालून मला चार पाय दिसत होते, दोन बाबांचे, दोन आईचे, आणि आईच्या टाचा उचललेल्या होत्या. बाबांनी तिची मान मागून धरली होती, मांजराची धरतात तशी, आणि तिचं तोंड त्यांच्या शर्टाच्या बाहीपाशी नेऊन ते सावकाश विचारत होते, "हे काय आहे? दिसतंय? नीट बघ." बाहीचं बटण तुटलं होतं. बाबा आवाज चढवायचे नाहीत. त्यांची दाखवायची पद्धत होती. न पुसलेला कोपरा, करपलेली कड, तुटलेलं बटण, जे असेल तिथं मानेला धरून न्यायचे आणि दाखवायचे. मग खिळ्याकडे बघायचे. पुढंपुढं नुसतं खिळ्याकडे बघूनच भागायचं.

ते गेले, पट्टा राहिला. घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्यानं तो काढला, आणि परत लावेपर्यंत आई तिथून हलली नाही. मधूनमधून फडकं घेऊन पुसायची. बहीण एकदा म्हणाली, काढ की आता हे ध्यान. आई म्हणाली, "राहू दे जागेवर." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. असेल, म्हटलं, असंही प्रेम असेल, आपल्याला काय कळतंय.

तर तो मी काढला. आईच्या डोळ्यांदेखत काढला असं म्हणता येणार नाही. ती समोरच बसली होती, पण डोळे मांडीवर. टाचा उचलून, श्वास धरून, पट्ट्याचं भोक खिळ्यावरून अलगद सोडवलं. मागं भिंतीवर त्याच्याच आकाराचा फिकट रंग निघाला, इतका स्वच्छ की पट्टा अजून तिथंच आहे असं वाटावं.

"कोण?"

"मी."

"तिकडं काय करतोस?"

माझी बोटं भिंतीकडे होती. पायाची. तिला ती दिसत होती. "काही नाही," मी म्हणालो. "कोळिष्टक होतं."

मांडीवरचे तिचे हात एकमेकांत गेले.

दुसऱ्या खोलीत नेऊन तो टेबलावर टाकला तेव्हा जो आवाज झाला, त्यानं माझे खांदे कानापर्यंत वर आले. मी पन्नाशी गाठलेला माणूस, हातात रापी घेतलेला, आणि खांदे आपले वर. ते खाली घ्यायला वेळ लागला. मग कापायला घेतला. कडा दगडासारख्या. मधोमध कापून दोन तुकडे केले, एकाला एक जोडले म्हणजे हनुवटीपासून खांद्यापर्यंत उंची मिळेल. कोमट पाण्यात घातले. नवं कातडं पाणी प्यायला लागलं की बारीक बुडबुडे सोडतं, उकळी यायच्या आधी पाणी सोडतं तसे. ते थांबले की समजायचं, पोट भरलं. ह्यानं एकही सोडला नाही. पाण्यावर तेलाचे डोळे तरंगले आणि तो तळाशी तसाच पडून राहिला, काळा, कोरडा. तेव्हाच मी थांबायला हवं होतं. कुठलंही कातडं माझं ऐकतं ही घमेंड म्हणा, किंवा मला तो तिच्या गळ्याभोवती कामाला लावायचाच होता म्हणा. रिबिटा ठोकल्या. आतून मेंढीचं मऊ कातडं लावलं. बकल मानेमागं, कुत्र्यांचं असतं तसं.

घातला. ह्या वेळी शाब्बास म्हणालो नाही, काहीच म्हणालो नाही. काटा भोकात गेला. हनुवटी कडेवर टेकली आणि टिकली. एक क्षण. तिचं डोकं वर, डोळे मिटलेले, आणि मी मागं सरकतोय, सरकतोय, हात तिच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना धरलेले पण न लावलेले, पडणाऱ्या भांड्याभोवती धरतात तसे. तिच्या नाकपुड्या हलल्या.

"ह्यांचा ना?"

मी हात खाली घेतले.

"मान पडली, नाक नाही पडलं माझं."

"आई, कातडं चांगलं आहे. इतकं जाड आता मिळत नाही, मी म्हटलं..."

"काढ."

बकल मागं होतं. मी तिच्या मागं गेलो. काटा निघेना, मी बोटं खाली घातली, तेवढ्यानं पट्टा पुढून आवळला गेला आणि तिच्या गळ्यातून एक आवाज आला. छोटा. मी तो टेबलाखालून ऐकलेला आहे. काटा वाकवून काढला. डोकं खाली गेलं. मी त्याच हातात पट्टा घेऊन तिच्या मागं उभा होतो, आणि तिला माझे पायही दिसत नव्हते.

"पुढं ये," ती म्हणाली. "दिसेल असा उभा राहा."

पुढं आलो. खाली बसलो. "रागावलीस?"

"तुला काय वाटलं, आठवण म्हणून जपला मी?"

"मग?"

"समोर असला की कुठं आहे ते कळायचं." ती थांबत थांबत बोलत होती, प्रत्येक वाक्यामागं घोट गिळत. "फेकून दिला असता तर वाटत राहिलं असतं, असेल कुठंतरी. दाराआड असेल. आणि पुसायला घेतला की माझ्या हातात यायचा. तेवढ्यापुरता माझ्या हातात."

रस्त्यावरून एक गाडी गेली. खिडकीची काच थरथरली आणि थांबली.

"मान पडली तेव्हापासून दिसेना. रोज विचारीन म्हणायचे, आहे का जागेवर."

"विचारायचंस मग."

"तुला?" ती म्हणाली. आणि मग, "परवा तू भिंतीपाशी गेलास. कोळिष्टक म्हणालास. मला कळलं, निघाला. आता कुणाच्या हातात आहे, एवढंच कळेना."

मी पट्टा खाली ठेवणार होतो, पण कुठं ठेवावा ते सुचेना. जमिनीवर ठेवला तर तिच्या पायाशी. मागं ठेवला तर मागं. "मी भरवताना डोकं वर धरतो तुझं," मी म्हणालो, "तेव्हा बघता आलं असतं. समोरच तर..."

"दुसऱ्यानं मान धरून दाखवलेलं मला बघायचं नाही. पुष्कळ बघितलं."

चक्कर येते, म्हणायची.

"दे इकडं."

मांडीवर दिला. तिच्या जगाच्या बरोबर मध्यावर, जिथं तिला सगळं स्पष्ट दिसतं. तिनं जोडावरून बोट फिरवलं. "कापलास?"

"हो."

"मधून?"

"मधून."

"रिबिटा कशाला मारल्या मग," ती म्हणाली, आणि बराच वेळ त्या कापल्या कडेवर नखानं मागंपुढं करत राहिली. मग आवाज बदलला. म्हणजे आवाज तोच, पण कारखान्यातला. "आणि सरळ का कापलास?"

"पट्टा सरळच कापतात."

"पट्टा करायला तुला कुणी सांगितलं? हॉस्पिटलवाला काय म्हणाला होता?"

"कॉलर."

"मग?"

मी ऐकलं होतं. कॉलरच ऐकलं होतं. पण माझ्या डोक्यात कुत्र्याच्या गळ्यातल्यालाही कॉलरच म्हणतात, आणि तिथून पुढं हातानं आपलं आपण पट्टाच ऐकलं. तिनं टेबलावरचा खाकी कागद मागितला. कात्री नको म्हणाली. मांडीवर कागद धरून चिमटीनं चिमटीनं फाडत गेली, आणि कागदातून निघाली ती सरळ पट्टी नव्हती, कमान होती, हसऱ्या तोंडासारखी. "सरळ कापलेलं उभं राहतं, नळकांड्यासारखं. मानेला लागत नाही. कमान दिलीस की वरची कड आत झुकते, जवळ येते. आणि वरचा थर खालच्यापेक्षा जरा मोठा काप, म्हणजे कड बाहेर लवंडते. टोचत नाही." दोन्ही टोकं जुळवून तिनं कागद स्वतःच्या मनगटावर उभा केला. वरून तो फुलासारखा उघडला. तिची मान खाली होती, डोळे कागदावर, हात मांडीवर. आणि मला दिसलं की ती मशिनीवर बसायची ती ह्याच आकारात. स्नायूंनी काम सोडलं असेल, शरीर कुठं गेलं नव्हतं. पाळीवर होतं.

"आणि बकल मागं नको," ती म्हणाली. "बाजूला. उजवीकडं. मला माझं काढता आलं पाहिजे."

रापी सरळ जायला शिकलेली. कमानीत घालायला गेलो की मनगट आडवं यायचं, पातं आपल्या वाटेनं सरळ पळायचं. दोन तुकडे वाया गेले. तिसऱ्याला मी रापी स्थिर धरली आणि कातडंच फिरवलं, सावकाश, जसं तिनं कागद फिरवला होता, आणि कमान निघाली; निघाली तेव्हा मला घाम फुटलेला होता आणि तोही एवढ्याशा कामाला. झाडाच्या सालीत कमावलेलं, फिकट, माणसाच्या रंगाचं कातडं. पाण्यात घातल्याबरोबर प्यायला लागलं. बुडबुडे थांबेपर्यंत मी तिथं उभा होतो.

आता बरणी नव्हती. आता तिची मानच. गळ्याभोवती मऊ कापड गुंडाळलं, त्यावर ओलं कातडं, आणि डोकं कुणीतरी वर धरायला हवं होतं, आणि तिथं कुणी म्हणजे मीच. तिच्या मागं उभा राहिलो. कपाळावर हात ठेवायच्या आधी हात हवेत थांबला.

"मान धरावी लागेल."

"शिवायचं तर कापड धरावंच लागतं."

"मी काही दाखवत नाहीये."

"माहितेय. डोळे मिटलेत मी."

तिचं डोकं मागं घेऊन माझ्या पोटाला टेकवलं. एका हातानं ते धरलं, दुसऱ्यानं कातडं दाबत गेलो; जबड्याच्या हाडाखाली, कानामागं, खांद्याच्या उतारावर. ओलं कातडं ऐकतं. अंगठ्यानं जिथं खळगा केला तिथं खळगा राहतो. गळ्याच्या गाठीसमोर जागा मोकळी सोडायची होती. तिथं माझा अंगठा होता, आणि त्याच्याखाली ती गाठ वर आली, थांबली. वर आली आणि तिथंच थांबली. माझ्या अंगठ्यात किती जोर आहे हे मला माहीत आहे. मी त्यानं बकलाचा काटा वाकवतो. अंगठा उचलावा तर कातडं सुटेल. न उचलावा तर. तिचा श्वास थांबलेला की माझा हे मला कळेना. मग गाठ खाली गेली. "हलू नकोस रे," ती म्हणाली. मला वाटलं होतं की हे मी म्हणायचं असतं.

गुरुवारी दुपारी बहीण आली. आई म्हणाली, "नवे बूट. आणि पाय दुखतायत, घेताना बघून घ्यायचे." बहिणीनं बूट काढले, कॉलर हातात घेतली, उलटसुलट केली. आतून मेंढीचं कातडं, वरची कड ओठासारखी बाहेर लवंडलेली, समोर गळ्यासाठी खिडकी, उजवीकडं बकल. "हे तू केलंस?" तिनं विचारलं.

"आम्ही."

"आणि ठसका लागला तर, दादा?"

"तर उद्या आहेच की," आई म्हणाली. "घाल."

मी फक्त गळ्याभोवती ठेवली आणि कपाळ वर धरलं. बकल तिनं लावलं. काटा दोनदा चुकला, माझा हात पुढं गेला, तिनं तो कोपरानं ढकलला. तिसऱ्यांदा बसला. तिनं एक भोक मागं घेतलं, परत पुढं घेतलं. मग म्हणाली, "सोड." मी कपाळावरचा हात काढला. एकदम नाही. आधी करंगळी, मग पुढची. शेवटचं बोट काढलं तरी डोकं होतं तिथंच होतं. हनुवटी कॉलरच्या ओठावर टेकलेली. कातडं किंचित करकरलं, भार घेतल्यावर नवं कातडं करकरतं तसं, आणि गप्प झालं. बहिणीनं पाण्याचा पेला हातात घेतला.

आईचे डोळे मिटलेले होते. आम्ही दोघं कुठं बघावं हे न कळून त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होतो. मग तिनं ते उघडले.

आमच्याकडे नाही. सरळ समोर, भिंतीकडे. घड्याळ, खिडकी, त्यांच्यामध्ये फिकट रंगाचा एक लांब आकार, आणि त्याच्या डोक्यावर खिळा. ती बघत राहिली. पापण्या हलल्या नाहीत. मला वाटलं ती म्हणेल, गेला. किंवा रडेल.

"खिळा राहिला की," ती म्हणाली. आवाज छातीत गेला नाही. खोलीत आला.

"काढतो नंतर. आधी पाणी पी."

"आधी खिळा."

"आई, अगं पाणी..." बहीण म्हणाली.

"गिळायचं मला आहे."

पकड आणली. खिळा जुना, आत कुठंतरी वाकलेला. ओढला, नाही आला. पिळून ओढला तेव्हा तो भिंतीतून असा काही किंचाळत निघाला की बहिणीनं कानावर हात घेतला, आणि सोबत मूठभर गिलावा खाली सांडला. मी तो आईच्या चेहऱ्यासमोर धरणार होतो. धरता धरता थांबलो. तिनं हात पुढं केला होता. तळव्यावर ठेवला. तिनं स्वतः तो उचलून डोळ्यांपाशी नेला, फिरवून पाहिला, आणि खुर्चीच्या हातावर ठेवून दिला.

"द्या पाणी."

बहिणीनं पेला तिच्या हातात दिला. पहिला घोट. कॉलरच्या खिडकीतून गळ्याची गाठ मला दिसत होती. वर आली. थांबली. बहिणीनं माझं मनगट धरलं, नखं लागली. गाठ खाली गेली, आणि तो आवाज, पाणी खाली जाण्याचा, आम्ही तिघांनी ऐकला. ठसक्याची वाट पाहिली. घड्याळाचा आवाज होता. ठसका नव्हता. तिनं दुसरा घोट घेतला, मग न विचारता तिसरा, मग पेला रिकामा केला आणि बहिणीकडे परत दिला.

मग ती माझ्याकडे वळली. मान वळत नाही, सगळी खुर्चीतल्या खुर्चीत वळली. इतक्या महिन्यांत तिनं माझा चेहरा पाहिला नव्हता. मी तिच्या भांगाशी बोलायला शिकलो होतो, भांगाला काहीही सांगता येतं. आता तिचे डोळे माझ्यावर होते आणि माझे आपोआप फरशीवर गेले, सांडलेल्या गिलाव्यावर, तिच्या पायांवर.

"केस पिकले तुझे," ती म्हणाली. "हिचे कापलेत कुणी, उंदरानं कुरतडल्यासारखे? आणि हा शर्ट कुठनं उचललास? कॉलर बघ, एक टोक वर, एक खाली, आमच्याकडं असली शिवली असती तर उसवून तोंडावर मारली असती. पैसे देऊन घेतलास का कुणी दिला? खाली काय बघतोस? मान वर कर. मला बघू दे."